लूर्दचं पाणी, मेणाचे पाय आणि अक्कलदाढ

बांद्र्याच्या मोतमाउलीच्या, म्हणजे माउंट मेरी चर्चच्या, जत्रेला सप्टेंबरमध्ये गेलात तर बाहेर मेणाचे हात, पाय, डोकी विकायला मांडलेली दिसतात, ज्याचा गुडघा दुखतो तो पाय घेतो आणि आत जाऊन वाहतो, आणि घेणाऱ्यांत हिंदूही पुष्कळ असतात. पण या नवसांचा हिशेब कोणी ठेवत नाही. फ्रान्समधल्या लूर्दला मात्र ठेवतात, आणि तो भलताच कडक आहे.

१८५८ मध्ये तिथे बर्नादेत सुबिरू या १४ वर्षांच्या गरीब मुलीला एका गुहेत १८ वेळा येशूच्या आईचं, मेरीचं दर्शन झालं म्हणतात, तिथे झरा सापडला, लोक बरे व्हायला लागले. त्याच वर्षी केमिस्टने पाणी तपासलं तर ते आपलं साधंच निघालं. मग १८८३ पासून बरं झाल्याचे दावे तपासायला डॉक्टरांचं ऑफिस बसलं. आजार गंभीर असला पाहिजे, अचानक आणि पूर्ण बरा झाला पाहिजे, परत उलटता कामा नये आणि औषधाने बरा झाला असं म्हणायला जागा नको. डॉक्टर फक्त "याचं कारण सांगता येत नाही" एवढंच म्हणतात, चमत्कार म्हणायचं की नाही ते बिशप ठरवतो. ७००० च्या वर केसेस आल्या, २०१८ पर्यंत पास झाल्या ७०! आपल्याकडच्या बाबालोकांनी एवढी गाळणी लावली तर दुकानंच बंद होतील.

म्हणजे श्रद्धा काही या ७० जणांवर उभी नाहीये. लाखो लोक जातात, बहुतेक आजार घेऊनच परततात, तरी "बरं वाटलं" म्हणतात आणि ते खोटं बोलत नसतात. १९७८ मध्ये अमेरिकेत अक्कलदाढ काढलेल्या पेशंटना औषध म्हणून औषध नसलेलंच काहीतरी टोचलं, काहींचं दुखणं खरंच कमी झालं, मग त्यांना नालोक्झोन दिलं, जे अफूच्या जातीच्या औषधांचा असर तोडतं, तर दुखणं परत वाढलं. म्हणजे विश्वास ठेवल्यावर मेंदूने स्वतःच वेदनाशामक सोडलं होतं. पण यातून दुखणं, थकवा, मळमळ हलते, गाठ विरघळत नाही, हे नीट लक्षात ठेवा आणि गोळ्या बंद करू नका.

दुसऱ्यांनी केलेल्या प्रार्थनेचीही टेस्ट झालीय. २००६ चा बायपासच्या १८०२ पेशंटचा अभ्यास, त्यात काही फायदा दिसला नाही, उलट "तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे" असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यात ५९ टक्क्यांना कॉम्प्लिकेशन्स, बाकीच्यांत ५१-५२. बहुधा घाबरले असतील, एवढं सीरियस आहे का माझं म्हणून!

मला वाटतं लूर्दचा असर गर्दीत आहे. घरी जो ओझं झालेला असतो त्याची व्हीलचेअर तिथे अनोळखी माणूस ढकलतो, मिरवणुकीत आजारी माणसं पुढे असतात. आणि बरा झालेला माणूस गावभर सांगत फिरतो, न झालेला गप्प बसतो, मग कानावर येतं ते फक्त बरं झाल्याचंच.

बर्नादेतला स्वतःला लहानपणापासून दमा होता. पुढे ती नन झाली आणि १८७९ मध्ये, पस्तिशीत, टीबीने गेली.