स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये गाठीला ऑक्सिजन कमी पडतो, मग घरी मशीन लावायची का?

आमच्याकडे ऑक्सिजनची मशीन आणि सिलेंडर भाड्यानं भेटते हे पुसद, दिग्रस, उमरखेड भागात बहुतेकांना माहीत आहे. दम्याचे पेशंट, फुप्फुस कमजोर झालेले म्हातारे लोक यांच्या घरी आपल्या मशीन चालूच असतात. पण हल्ली एक वेगळी मागणी यायला लागली म्हणून हे पत्रक काढलं. घरचा माणूस येतो, मोबाइल पुढे करतो आणि म्हणतो, "भाऊ, बाबाले स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, त्या गाठीत ऑक्सिजन कमी राहते मने, ऑक्सिजन देला का गाठ मरते, दहा लिटरवाली मशीन द्या." त्या माणसाची तळमळ आम्हाला दिसते, पण या कारणासाठी आम्ही मशीन देत नाही, आणि का देत नाही ते काउंटरवर उभ्या-उभ्या नीट सांगता येत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिलं आहे, घरी सगळ्यांनी वाचा.

मोबाइलवरची अर्धी गोष्ट खरी आहे. स्वादुपिंडाच्या गाठीत ऑक्सिजन खरंच फार कमी असतो. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या वेळी सात पेशंटच्या गाठीत बारीक सुई घालून प्रत्यक्ष मोजला, २००० साली ते छापून आलं. गाठीच्या बाजूच्या चांगल्या स्वादुपिंडात ऑक्सिजनचा दाब २४ ते ९३ मिलिमीटर पाऱ्याच्या दरम्यान, आणि गाठीत ० ते ५. म्हणजे एकाच माणसाच्या पोटात, एकाच अवयवात, बोटभर अंतरावर इतका फरक.

आता हा फरक का पडतो ते समजून घ्या, कारण सगळी गोम तिथंच आहे. ही गाठ नुसत्या कॅन्सरच्या पेशींची नसते. पेशींभोवती कडक, चिवट तंतूंचं जाळं तयार होतं आणि कित्येक पेशंटमध्ये गाठीचा बहुतेक भाग तेच जाळं असतं, कॅन्सरच्या पेशी त्यात थोड्याच. आत दाब इतका वाढतो की बारीक रक्तवाहिन्या चेपून जातात. रक्तवाहिनीतून निघालेला ऑक्सिजन मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढं अंतरही धड जात नाही, तेवढ्यातच आजूबाजूच्या पेशी तो वापरून टाकतात, मग जिथं वाहिनीच बंद पडली तिथं काय पोचणार. धरण काठोकाठ भरलं आहे पण पाटचारी गाळानं बुजली म्हणून टेलच्या वावरात पाणी येत नाही, तेव्हा धरणात आणखी पाणी सोडून त्या शेतकऱ्याला काही उपयोग होत नाही. इथं पेशंटचं रक्त म्हणजे धरण आणि ते आधीच भरलेलं आहे.

ते भरलेलं आहे हे दुकानात दाखवता येतं. पेशंटला आणायची गरज नाही, तुम्हीच बोट द्या. नेलपॉलिश किंवा मेंदी नसलेल्या बोटाला ऑक्सिमीटर लावला की चांगल्या फुप्फुसाच्या माणसाचा आकडा ९७-९८ येतो. मग नाकाला नळी लावून पाच लिटरवर मशीन सुरू करतो. थोड्या वेळानं आकडा ९९ किंवा १०० होतो आणि तिथंच थांबतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते, ते मशीनशिवायच जवळपास पूर्ण भरलेलं होतं, वरून जो जास्तीचा गेला तो रक्ताच्या पाण्यात विरघळतो आणि ते प्रमाण अगदी नाममात्र असते. स्वादुपिंडाच्या बहुतेक पेशंटचं फुप्फुस ठीक असतं, त्यांच्या बोटावरही असाच आकडा येतो.

फॉरवर्डमध्ये ऑटो वॉरबर्ग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव येते, की त्यांनी ऑक्सिजननं कॅन्सर मरतो हे शोधलं आणि नोबेल मिळवलं. वॉरबर्ग यांना १९३१ साली नोबेल मिळालं हे खरं, पण ते पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमच्या शोधासाठी. कॅन्सरच्या पेशी साखर वेगळ्या पद्धतीनं वापरतात हे त्यांनी दाखवलं होतं, पण नाकात नळी लावून गाठ बरी होते असं त्यातून निघत नाही.

मग डॉक्टर लोक या कमी ऑक्सिजनची एवढी चर्चा का करतात? कारण त्यानं उपचार अवघड होतात. रेडिएशनचं काम ऑक्सिजन असला तरच जोरात होते, ऑक्सिजन नसलेल्या पेशी मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो, हे इंग्लंडच्या ग्रे आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्येच मांडलं होतं. केमोचं औषधही रक्तातूनच जाते, म्हणजे त्याच चेपलेल्या वाहिन्यांतून, आणि जे पोचते ते भराभर वाढणाऱ्या पेशींना जास्त मारते, इथं तर उपाशी पेशी मंद होऊन बसलेल्या असतात. वरून पेशींमध्ये एक यंत्रणा आहे, ऑक्सिजन कमी झाला की ती जागी होते आणि पेशीला तगून राहायला, दुसरीकडे पसरायला मदत करते. पेशी ऑक्सिजन कसा ओळखतात हे शोधणाऱ्या सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं, हे नोबेल खरोखर या विषयाचं.

यावर औषधं काढायचे प्रयत्न झाले आणि त्याबद्दल खरं काय ते कळलं पायजे. इव्होफॉस्फामाइड नावाचं औषध फक्त कमी ऑक्सिजनच्या जागी सुरू होईल असं बनवलं होतं, म्हणजे कल्पना अगदी बरोबर होती. स्वादुपिंडाच्या जवळपास ७०० पेशंटवर मोठी चाचणी झाली. नेहमीच्या केमोवर सरासरी आयुष्य ७.६ महिने, हे औषध जोडल्यावर ८.७, आणि एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो म्हणून २०१५ च्या शेवटी चाचणी अपयशी धरली गेली. गाठीभोवतीचं जाळं विरघळवणारं एक इंजेक्शन होतं, तेही २०१९ मध्ये मोठ्या चाचणीत चाललं नाही. डेन्मार्कमध्ये घशाच्या कॅन्सरला रेडिएशनसोबत निमोराझोलची गोळी देतात, ऑक्सिजन नसलेल्या पेशींवर रेडिएशनचा परिणाम व्हावा म्हणून, पण ती स्वादुपिंडासाठी नाही. संशोधन थांबलेलं नाही. पण एवढ्या मोठ्या कंपन्या, एवढे डॉक्टर ज्या गाठीत धड शिरू शकले नाहीत तिथं आमची भाड्याची मशीन पोचेल असं सांगून आम्ही तुमच्याकडून पैसे घेणार नाही. ऑक्सिजनवालं पाणी, ओझोनचं सलाईन, हायड्रोजन पेरॉक्साइड असलं काही कोणी देत असेल तर दूरच राहा, पेरॉक्साइड पोटात किंवा शिरेत गेलं तर रक्तात गॅसचे बुडबुडे होऊन जीव जाऊ शकतो.

याच पेशंटला ऑक्सिजन कधीच लागत नाही असंही नाही. कॅन्सर फुप्फुसात गेला, छातीत पाणी झालं तर लागू शकते. एक गोष्ट खास लक्षात ठेवा, स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचं प्रमाण जास्त असते. एका पायाला अचानक सूज आली, पोटरी दुखायला लागली, किंवा बसल्या जागी एकदम दम लागला तर मशीन शोधत आमच्याकडे येऊ नका, गाडी करून सरळ दवाखाना गाठा. आणि कधी कधी आकडा ९८ असूनही पेशंट दमतो, तेव्हा हिमोग्लोबिनच कमी असू शकते, ऑक्सिमीटर ते दाखवत नाही आणि मशीननं ते भरून निघत नाही, रक्त तपासावं लागते. आपल्या भागात सिकलसेल असलेली घरं बरीच आहेत, घरात कोणाला असेल तर केमो सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांना सांगा.

जे पैसे मशीनवर घालणार होता ते नागपूर-सेवाग्रामच्या जाण्यायेण्याला, खाण्यापिण्याला आणि दुखण्याच्या औषधाला ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, आधार आणि राशन कार्ड घेऊन योजनेच्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. पोट-पाठ फार दुखत असेल तर सहन करत बसायला लावू नका, मॉर्फिनच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं घेता येतात, नसेचा ब्लॉकही, म्हणजे दुखणं पोचवणारी नस इंजेक्शननं बधिर करणं, करता येतो. आणि ज्यांना अजून निदान झालेलं नाही त्यांच्यासाठी, पन्नाशीच्या पुढं न दुखता वाढत जाणारी कावीळ, अंगाला खाज, पांढुरकी शी, वजन उतरणं किंवा एकदम नवीन शुगर निघणं, यात कावीळ उतरवून घेण्यात आठवडे घालवू नका, सोनोग्राफी करा आणि डॉक्टर म्हणाले तर सीटी स्कॅन. ऑपरेशन होण्यासारखी अवस्था पाचातल्या एखाद्यालाच सापडते, तो एक आपल्या घरचा असू शकतो.

डॉक्टरांनी ऑक्सिजन सांगितलाच असेल तर चिठ्ठीवर मिनिटाला किती लिटर, दिवसातून किती तास आणि ऑक्सिमीटरवर आकडा किती ठेवायचा हे लिहून आणा, कारण काही फुप्फुसाच्या पेशंटना जास्त ऑक्सिजनही घातक असतो. मशीन द्यायच्या आधी तिच्यातून किती टक्के ऑक्सिजन येतो ते मीटरवर तुमच्यासमोर मोजून दाखवतो, साधारण ९३ टक्क्यांच्या आसपास पायजे. खेड्यावर लाईट जाते म्हणून सोबत बी टाइप सिलेंडर न्या, दोन लिटरवर बारा तासांच्या आसपास चालते, पाच लिटरवर पाच तास. ज्या खोलीत नळी लावली तिथं बिडी, चूल, देवाचा दिवा काहीच पेटवू नका. आणि डॉक्टरांनी बंद करा म्हटलं की मशीन त्याच दिवशी परत आणा, वापरलेल्या दिवसांचंच भाडं घेतो, बाकी डिपॉझिट लगेच परत.