ॲप्टमधला ‘ट्रस्टेड’ : एका शब्दाचे दोन अर्थ

2007 साली डेबियन या लिनक्स वितरणाची 4.0 आवृत्ती आली आणि पॅकेज (सॉफ्टवेअरचा गठ्ठा) बसवण्याआधी डिजिटल सही तपासणं ॲप्टच्या, म्हणजे पॅकेजं आणून बसवणाऱ्या त्याच्या साधनाच्या, नेहमीच्या कामात शिरलं. सही असते ती रिपॉझिटरीच्या (पॅकेजांच्या साठ्याच्या) रिलीज फाइलवर. तिच्यात पॅकेज-याद्यांचे हॅश (मजकुरावरून काढलेले ठसे), यादीत प्रत्येक डेब फाइलचा, म्हणजे पॅकेजचा, हॅश. आरपीएम ही दुसरी पॅकेज-पद्धत वापरणाऱ्यांकडे सही पॅकेजवरच असते, त्यामुळे ‘तपासलेली रिपॉझिटरी’ म्हणताना दोन्हीकडची माणसं बऱ्याचदा वेगळंच काही बोलत असतात.

सही नसली की ॲप्ट विचारायचं, पडताळणीविना बसवू का? नुसतं एंटर दाबलं तर उत्तर ‘नाही’. पण प्लेबुक (सर्व्हरवर आपोआप करायच्या कामांची यादी) मध्यरात्री चाळीस सर्व्हरवर चालू असताना एंटर दाबायला कोण बसलंय? सगळ्याला ‘हो’ म्हणणारा ‘-वाय’ पर्याय दिला तरी गाडी तिथेच अडते. म्हणून स्क्रिप्टांमध्ये ‘फोर्स-येस’ घुसलं. त्याने सही तर सोडलीच, शिवाय जुनी आवृत्ती वर चढवणं, अत्यावश्यक पॅकेज काढणं, थोपवून ठेवलेलं पॅकेज बदलणं यांनाही मोकळं रान दिलं. 2015 मध्ये ॲप्ट 1.1 ने ते कालबाह्य ठरवून प्रत्येक धोक्याला वेगळा पर्याय दिला. हे फार उशिरा झालं.

खरा घोळ ‘ट्रस्टेड’ या शब्दाचा. सोर्सेस लिस्टच्या (ॲप्टच्या रिपॉझिटरींच्या यादीच्या) ओळीत चौकटी कंसात ‘ट्रस्टेड=येस’ लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी खातरजमा करून शिक्का मारलाय. अर्थ उलटा आहे : सही चुकली किंवा नसलीच, तरी खरी धर. सर्व्हर आपोआप मांडणाऱ्या साधनांपैकी शेफमध्येही रिपॉझिटरीचा गुणधर्म ‘ट्रस्टेड’ याच नावाने आला. पपेटच्या ॲप्ट मॉड्यूलने ‘अलाउ अनसाइन्ड’ आणि ॲन्सिबलने ‘अलाउ अनऑथेंटिकेटेड’ म्हटलं. ही नावं कानाला बोचतात, आणि ती बोचायलाच हवीत. कोड रिव्ह्यूमध्ये नजर अडते ती अशा नावावर. ‘ट्रस्टेड’ बिनबोभाट पुढे जातं. कार्यालयाच्या आतल्या, सही न केलेल्या रिपॉझिटरीसाठी ही सोय लागतेच, हा बचाव खोटा नाही. पण तीच ओळ कॉपी होऊन बाहेरच्या पत्त्यापुढेही जाऊन बसते.

हाच शब्द सह्या पडताळायच्या किल्ल्यांनाही चिकटला. ‘ॲप्ट-की’ या आज्ञेने घातलेली किल्ली ‘ट्रस्टेड’ संचात जाई आणि कुठल्याही रिपॉझिटरीची सही पटवू शके. म्हणजे एका देखरेख-साधनासाठी घातलेली किल्ली मूळ वितरणाच्या पॅकेजांनाही चालायची. ‘साइन्ड-बाय’ या पर्यायाने किल्ली एका स्रोताला बांधली, ‘ॲप्ट-की’ 2020 मध्ये कालबाह्य ठरलं. पॅकेजमधल्या स्क्रिप्टा रूट (सर्वाधिकारी) म्हणून चालतात, त्यावर मात्र याने काही फरक पडत नाही.

2025 मध्ये डेबियन 13 मधून ‘ॲप्ट-की’ गेलंच. ते गृहीत धरणारी ॲन्सिबलची जुनी टास्क तिथे ‘ही आज्ञा सापडत नाही’ म्हणून थांबतात. त्यांच्या जागी आलेल्या, रिपॉझिटरी नोंदवणाऱ्या डेब822 मॉड्यूलमध्ये ‘साइन्ड-बाय’ आहे. ‘ट्रस्टेड’ही आहे.