हॅकिंटॉश : सुट्या भागांची निवड

अ‍ॅपलने न बनवलेल्या, बहुधा सुटे भाग आणून घरीच जोडलेल्या संगणकावर अ‍ॅपलची मॅकओएस ही कार्यप्रणाली चालवली, की त्या संगणकाला हॅकिंटॉश म्हणतात. असा संगणक बांधण्यामागे बहुतेकांचा हेतू पैसे वाचवण्याचा असतो. मात्र त्यासाठी भाग निवडण्याची रीत इतर असेंबल्ड संगणकांहून निराळी आहे. एरवी किमतीच्या मानाने वेग किती मिळतो, हे पाहिले जाते. येथे पहिला प्रश्न असतो तो ड्रायव्हरचा, म्हणजे कार्यप्रणालीकडून तो भाग चालवून घेणाऱ्या प्रोग्रॅमचा. मॅकओएसमध्ये ड्रायव्हर सहसा त्याच भागांचे असतात, जे (किंवा ज्यांचे जवळचे भाईबंद) अ‍ॅपलने स्वतःच्या एखाद्या यंत्रात कधी ना कधी बसवले आहेत. त्यामुळे बाजारात स्वस्त आणि सरस ठरलेला भाग येथे निरुपयोगी, तर इतरांनी जुना म्हणून मोडीत काढलेला भाग मोलाचा ठरू शकतो.

उगमाचा प्रश्न : या प्रथेचा आरंभ कोठून धरावा, याबद्दल एकमत नाही. काही जण तो १९८० च्या दशकात नेतात. त्या काळी मॅकिंटॉशचे वेगळेपण मुख्यतः त्याच्या रॉम चिपांमध्ये होते, कारण पडद्यावरील चित्रे व खिडक्या आखण्याची बरीच कामे तेथे साठवलेल्या सूचनांवर अवलंबून असत. अटारी एसटी आणि अमिगा या संगणकांतही मॅकप्रमाणे मोटोरोलाचा ६८००० प्रोसेसर होता. उणीव होती ती फक्त रॉमची. डेव्हिड स्मॉल यांनी १९८६ च्या सुमारास आणलेले ‘मॅजिक सॅक’ हे अटारीसाठीचे उपकरण याच जाणिवेतून निघाले. खऱ्या मॅकच्या रॉम चिपा मिळवून त्यात बसवायच्या, म्हणजे अटारीवर मॅकची सॉफ्टवेअरे चालत. त्यानंतरचे ‘स्पेक्टर’ आणि अमिगासाठीचे ‘ए-मॅक्स’ ही उपकरणेही त्याच मार्गाने गेली. आउटबाउंड या कंपनीचा लॅपटॉप तर मॅक प्लसमधून रॉम काढून आपल्यात घातल्याशिवाय चालतच नसे. १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘कॅट मॅक’ हा प्रकारही रूढ होता : मदरबोर्ड अ‍ॅपलचाच, पेटी, पॉवर सप्लाय, डिस्क आणि मॉनिटर मात्र टपालाने माल विकणाऱ्यांच्या कॅटलॉगमधून निवडलेले.

दुसरे मत १९९५ ते १९९७ या काळातील क्लोन संगणकांकडे बोट दाखवते. पॉवर कंप्युटिंग, यूमॅक्स इत्यादी कंपन्यांचे ते संगणक मॅकपेक्षा स्वस्त होते हे खरे. परंतु ते अ‍ॅपलच्या परवान्याने बनत, आणि स्टीव्ह जॉब्ज परतल्यावर तो परवाना बंद होताच संपले. त्यांना हॅकिंटॉशचे पूर्वज मानणे ताणलेले वाटते.

तिसऱ्या मतानुसार आरंभ ६ जून २००५ नंतरचा. त्या दिवशी अ‍ॅपलने आपले संगणक इंटेलच्या प्रोसेसरवर नेण्याचे जाहीर केले आणि विकसकांना पेंटियम ४ असलेले चाचणी-यंत्र देऊ केले. त्या यंत्रासोबतची कार्यप्रणाली लवकरच बाहेर फुटली. जानेवारी २००६ मध्ये इंटेलवरचे पहिले मॅक आले, तेव्हा ती सामान्य पीसीवर चालवण्याचे प्रयोग आधीच सुरू झाले होते. हे तिसरे मत अधिक ग्राह्य दिसते, कारण आधीच्या सर्व बिनपरवाना प्रकारांत अ‍ॅपलची एखादी चिप किंवा बोर्ड लागतच असे. २००५ नंतरच्या हॅकिंटॉशमध्ये अ‍ॅपलचा एकही भाग नसतो. तथापि एक सूत्र दोन्ही काळांत समान आहे. यंत्र अस्सल आहे की नाही, याची खूण अ‍ॅपल प्रत्येक वेळी कोठल्या तरी चिपमध्ये ठेवते, आणि जोडणाऱ्याला त्या चिपेची सोय पाहावी लागते.

इंटेल मॅकमध्ये ही खूण एसएमसी या नियंत्रक चिपेत गेली. फाइंडर, डॉक यांसारखे काही प्रोग्रॅम कूटबद्ध स्वरूपात असत आणि ते उलगडण्याची ६४ अक्षरांची किल्ली एसएमसीत असे. ही किल्ली म्हणजे अंकांची निरर्थक माळ नसून ‘आमचे कष्ट या शब्दांनी राखले आहेत, कृपया चोरू नका’ अशा अर्थाचे, शब्दांमध्ये जागा न सोडता लिहिलेले इंग्रजी वाक्य आहे. कार्यप्रणालीतील संबंधित घटकाचे नावही ‘डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स’ असेच आहे. हॅकिंटॉशमध्ये हे काम आधी फेकएसएमसी आणि नंतर व्हर्च्युअलएसएमसी या जोडप्रोग्रॅमांनी केले. दुसरी अडचण फर्मवेअरची, म्हणजे यंत्र सुरू होताना प्रथम चालणाऱ्या, बोर्डावरच साठवलेल्या सॉफ्टवेअरची. मॅक ईएफआय या नव्या धर्तीच्या फर्मवेअरवर सुरू होत. घरगुती पीसी तेव्हा जुन्या बायोसवर. ही दरी कार्यप्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमांनी, म्हणजे बुटलोडरांनी भरली : प्रथम डेव्हिड इलियट यांची बुट-१३२ पद्धत आणि ‘नेटकास’ या टोपणनावाने वावरणाऱ्या विकसकाचे पीसी-ईएफआय, मग कॅमेलिअन, त्यानंतर क्लोव्हर आणि २०१९ पासून ओपनकोर. बुटलोडर पक्का होत गेला तशी मदरबोर्डची निवड सैल झाली, ग्राफिक्स कार्डाची मात्र नाही.

कायदेशीर बाजू : मॅकओएसचा परवाना-करार ती अ‍ॅपलच्याच संगणकावर बसवण्याची मुभा देतो. फ्लोरिडातील सायस्टार ही कंपनी एप्रिल २००८ पासून मॅकओएस घातलेले तयार पीसी विकू लागली. जुलैत अ‍ॅपलने दावा लावला. नोव्हेंबर २००९ मध्ये न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी स्वामित्वहक्काचा भंग झाल्याचे व संरक्षक उपाययोजना मोडल्याचे मान्य केले, डिसेंबरमध्ये कायमची मनाई झाली आणि २०११ मध्ये अपील न्यायालयानेही निकाल उचलून धरला. तयार हॅकिंटॉशच्या धंद्याला त्यामुळे खीळ बसली. स्वतःपुरता भाग जोडून बनवलेला संगणकही करारात बसत नाहीच.

प्रोसेसर : इंटेल कोअर मालिकेच्या दहाव्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर अ‍ॅपलने वापरलेल्यांच्या जवळचे असल्याने सर्वांत कमी त्रासाचे. त्यापुढच्या पिढ्या चालतात, पण त्यांना दहाव्या पिढीचे सोंग द्यावे लागते आणि त्यांतील अंगभूत ग्राफिक्स निकामी राहते. काटकसर करणारे नेमके येथे फसतात. आठव्या पिढीच्या कोअर आय३-८१०० मध्ये यूएचडी ६३० ग्राफिक्स आहे आणि ते मॅकओएसला ओळखीचे आहे. त्याच मदरबोर्डवर बसणाऱ्या, त्याहून स्वस्त पेंटियम जी५४०० मध्ये यूएचडी ६१० असते. ते अ‍ॅपलने कधीच वापरले नाही, म्हणून त्याला ड्रायव्हर नाही. पडदा दिसतो, पण प्रवेगाविना, म्हणजे खिडकी सरकवली तरी अडखळते. वेगळे कार्ड घ्यावे लागले, की प्रोसेसरवर वाचलेले पैसे गेले. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरांत अंगभूत ग्राफिक्स नसतेच, तेव्हा त्यांनाही हाच हिशेब लागू. एएमडी या कंपनीचे रायझन प्रोसेसर कर्नलमध्ये, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यात, फेरफार करून बऱ्यापैकी चालतात आणि पैशाच्या मानाने अधिक कोअर देतात. मात्र अ‍ॅपलच्या आभासीकरण-चौकटीवर (एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवण्याच्या सोयीवर) उभी असलेली सॉफ्टवेअरे त्यांवर चालत नाहीत. विकसकाने हे ध्यानात घेतलेले बरे.

ग्राफिक्स कार्ड : सर्वांत अधिक चुका आणि सर्वांत अधिक बचत या एकाच भागात होते. एनव्हिडियाची मॅक्सवेल व पास्कल पिढीची कार्डे कंपनीच्या स्वतंत्र ड्रायव्हरवर चालत, पण ते हाय सिएरा (१०.१३) या आवृत्तीपाशी थांबले. आरटीएक्स कार्डांना ड्रायव्हर आलाच नाही. जुन्या केप्लर पिढीला अ‍ॅपलचा स्वतःचा ड्रायव्हर होता; तो मॉन्टेरे या नंतरच्या आवृत्तीत काढला गेला. त्यामुळे व्यवहारात एएमडीच उरते. त्यातही आरएक्स ५७० आणि ५८० ही जोडी दीर्घकाळ किफायतशीर मानली गेली. याला आधारही भक्कम : २०१७ च्या आयमॅकमध्ये याच जातीच्या चिपा होत्या आणि त्याच वर्षी अ‍ॅपलने विकसकांना दिलेल्या बाह्य ग्राफिक्स संचात आरएक्स ५८० कार्डच होते.

नंतरच्या ६००० मालिकेतील विसंगती बोलकी आहे. आरएक्स ६६०० चालते, ६८०० चालते, मधले ६७०० एक्सटी मात्र मूळ ड्रायव्हरवर चालत नाही. मॅक प्रोसाठी अ‍ॅपलने विकलेल्या डब्ल्यू६६००एक्स, डब्ल्यू६८००एक्स आणि डब्ल्यू६९००एक्स या कार्डांत नॅव्ही २३ आणि नॅव्ही २१ या चिपा आहेत. ६७०० एक्सटीची नॅव्ही २२ कोणत्याच मॅकमध्ये गेली नाही. याहून फसवे कार्ड म्हणजे आरएक्स ५५०. एकाच नावाखाली, एकसारख्या खोक्यात दोन वेगळ्या चिपा विकल्या गेल्या. बॅफिन चिप असलेले कार्ड चालते. लेक्सा असलेल्याला मुळात आधार नाही. सेकंडहँड कार्ड घेताना विक्रेत्याकडून डिव्हाइस आयडीचा, म्हणजे चिपेच्या ओळख-क्रमांकाचा, स्क्रीनशॉट मागवण्याची पद्धत यातूनच पडली असावी. ६७एफएफ (बॅफिन) दिसले तर घ्यावे, ६९९एफ (लेक्सा) दिसले तर सोडावे.

मदरबोर्ड : बायोसच्या काळात गिगाबाइटचे बोर्ड पसंत केले जात, ओपनकोरनंतर कंपनीला फारसे महत्त्व राहिले नाही. बायोसमध्ये सीएफजी लॉक (प्रोसेसरच्या काही नोंदी बदलण्यास कार्यप्रणालीला मनाई करणारे कुलूप) काढता येतो का, हे तेवढे पाहावे. यूएसबीची मर्यादा मात्र नवख्याला गोंधळात टाकते. एल कॅपिटन या आवृत्तीपासून मॅकओएस एका कंट्रोलरवर १५ च पोर्ट मानते, आणि यूएसबी ३ चा एक निळा सॉकेट दोन पोर्ट म्हणून मोजला जातो, कारण त्यात जुन्या व नव्या वेगाच्या वाटा वेगळ्या असतात. आठ निळे सॉकेट म्हणजे १६. मर्यादा तेथेच ओलांडली. मग कीबोर्ड चालतो, पण बोर्डाच्या आतील यूएसबीवर बसलेले ब्लूटूथ सापडत नाही. कोणते पोर्ट ठेवायचे याची यादी जोडणाऱ्याने स्वतः बनवावी लागते. सॉकेटांची रेलचेल असलेला महाग बोर्ड येथे काही अधिक देत नाही.

वायफायसाठी जुन्या आयमॅकमधून काढलेली ब्रॉडकॉमची कार्डे अडॉप्टरवर बसवून वापरणे ही खूप वर्षे रूढ युक्ती होती. सोनोमा (२०२३) या आवृत्तीने त्यांचे ड्रायव्हर काढल्यापासून त्यांना पॅचची, म्हणजे कार्यप्रणालीत बाहेरून केलेल्या दुरुस्तीची, गरज पडते. इंटेलची वायफाय चिप स्वयंसेवकांनी लिहिलेल्या ड्रायव्हरवर चालते. एअरड्रॉप (अ‍ॅपलच्या उपकरणांत परस्पर फायली पाठवण्याची सोय) मात्र मिळत नाही. एसएसडीपैकी सॅमसंगची पीएम९८१ कर्नल पॅनिकसाठी, म्हणजे संगणक अचानक कोसळण्यासाठी, कुप्रसिद्ध आहे. ध्वनीसाठी रिअलटेकच्या बहुतेक चिपा अ‍ॅपलएएलसी या जोडप्रोग्रॅममुळे चालतात. रॅम, पेटी आणि पॉवर सप्लाय यांबाबत वेगळे नियम नाहीत.

सर्वांत कमी खर्चाचा मार्ग सुट्या भागांचा नव्हे, तर कार्यालयांनी वापरून काढलेल्या ऑप्टिप्लेक्स, एलिटडेस्क यांसारख्या डेस्कटॉपचा, असे अनेक अनुभवी मंडळी मानतात. त्यांत कोअर आय५ आणि यूएचडी ६३० आयतेच मिळते. अडचण एवढीच, की लहान आकाराच्या पेट्यांत बुटके कार्डच मावते आणि त्यांच्या पॉवर सप्लायला कार्डासाठीची वेगळी वायर बहुधा नसते. मग स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटमध्ये भागणारे, म्हणजे आरएक्स ५६० च्या वर्गातले कार्ड शोधावे लागते.

आवृत्ती आणि भाग : कोणती आवृत्ती चालवायची हे न ठरवता खरेदी केली, तर स्वस्त भाग लवकरच अडतो. इंटेलच्या हॅसवेल (चौथी) आणि स्कायलेक (सहावी) पिढ्यांच्या अंगभूत ग्राफिक्सचा आधार व्हेंचुरामध्ये संपला. त्याच आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ ही सोयही लागते. जून २०२० मध्ये अ‍ॅपलने स्वतःच्या चिपांकडे वळण्याचे जाहीर केले, २०२३ च्या मॅक प्रोने ते स्थित्यंतर पुरे झाले, आणि जून २०२५ मध्ये टाहो (२६) ही इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती असेल असे सांगण्यात आले. टाहोच्या यादीत इंटेलचे चारच मॅक उरले आहेत : २०१९ चा मॅक प्रो, २०१९ चा १६ इंची मॅकबुक प्रो, २०२० चा चार थंडरबोल्ट पोर्टांचा १३ इंची मॅकबुक प्रो आणि २०२० चा २७ इंची आयमॅक. यांतील आयमॅकची बांधणी, म्हणजे दहाव्या पिढीचा कोअर आणि आरएक्स ५५०० एक्सटी किंवा ५७०० च्या जातीचे कार्ड, सुट्या भागांतून सर्वांत सहज जुळते.