टॅग वाढवल्याने नोंद लवकर सापडते का?

डिजिटल नोंदींना जितके अधिक टॅग (म्हणजे नोंद ओळखण्यासाठी तिला जोडलेले शब्द) लावावेत तितक्या त्या लवकर सापडतात, ही समजूत बरीच वर्षे फिरत आहे आणि ती चुकीची आहे. नोंदवहीच्या बहुतेक ॲप्समध्ये संपूर्ण मजकुरात शोध घेता येतो. त्यामुळे पुरणपोळीच्या कृतीला ‘पुरणपोळी’ हाच टॅग लावल्याने काहीच भर पडत नाही, कारण तो शब्द मजकुरात आधीच असतो. मजकुरात नसलेली गोष्ट, म्हणजे ती नोंद आपल्याला कशासाठी हवी आहे हे, टॅगने सांगावे; उदाहरणार्थ ‘करून-पाहणे’. (ऑब्सिडियन या नोंदवहीच्या ॲपमध्ये टॅगात मोकळी जागा चालत नाही, म्हणून मध्ये जोडरेघ देता येते.)

जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुहमान यांच्या कागदी टिपणांच्या दुसऱ्या संग्रहात सुमारे 67,000 चिठ्ठ्या होत्या, तर त्यांच्या सूचीत शब्द होते केवळ 3,200 च्या आसपास, आणि प्रत्येक शब्दापुढे बहुधा मोजक्याच चिठ्ठ्यांचे क्रमांक असत. सूचीतून फक्त प्रवेश मिळे, पुढची वाट चिठ्ठ्यांमधील परस्पर-संदर्भ दाखवत. मला हा पुरावा फार बोलका वाटतो.

मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी एक काळजी घ्यावी लागते. ‘पाककृती’, ‘पाककृति’ आणि ‘रेसिपी’ हे आपल्या दृष्टीने एकच असले तरी ॲपसाठी ते तीन वेगळे टॅग ठरतात व एकाच विषयाच्या नोंदी तीन ठिकाणी विखुरतात. म्हणून वापरात असलेल्या टॅगांची यादी एका नोंदीत लिहून ठेवावी आणि नवा टॅग करण्यापूर्वी ती पाहावी.