मुका मार लागलेली छाती

वावरात ट्रॅक्टर उलटला, बैलाने शिंगावर घेतले किंवा मोहाच्या झाडावरून कोणी छातीवर आपटले, की जमलेल्यांची नजर आधी रक्त शोधते. रक्त दिसले नाही तर ‘मुका मार आहे, हळद लावा आणि पडू द्या’ असा निकाल लागतो. छातीच्या बाबतीत हा निकाल धोक्याचा आहे. मोठ्या माणसाच्या छातीच्या एका बाजूच्या पोकळीत 2 ते 3 लिटर रक्त मावते आणि अंगातले एकूण रक्त असते जेमतेम 5 लिटर. थेंबही बाहेर न सांडता माणूस दगावू शकतो तो असा.

फुप्फुसाला स्वतःहून फुगता येत नाही. बरगड्या वर उचलल्या जातात, खालचा श्वासपडदा पोटाकडे सरकतो, छाती मोठी होते आणि फुप्फुस तिच्यामागे ओढले जाते. दोघांच्या मधल्या फटीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमी असतो, त्यावरच हा खेळ चालतो. मोडलेल्या बरगडीचे टोक फुप्फुसात घुसले किंवा शिंगाने बाहेरून भोक पाडले, की त्या फटीत हवा शिरते आणि फुप्फुस आक्रसते. कधी फाटलेला भाग झडपेसारखा वागतो: प्रत्येक श्वासाला हवा आत येते, परत जात नाही. कोंडलेली हवा मग हृदयालाही एका बाजूला ढकलते आणि हृदयाकडे परतणाऱ्या मोठ्या शिरा दबतात. काही मिनिटांत जीव घेणारा प्रकार हाच.

म्हणून रक्त शोधण्याआधी श्वास पाहावा. सदरा वर करून दोन्ही बाजू सारख्या हलतात का ते बघा. मग 30 सेकंद श्वास मोजून दुप्पट करा. शांत पडलेल्या मोठ्या माणसाचे मिनिटाला 12 ते 20 श्वास होतात. 30 च्या पुढे गेले किंवा 10 च्या खाली आले तर वेळ थोडा आहे. एका दमात पूर्ण वाक्य बोलता येते का, हेही विचारून पाहावे. मानेच्या शिरा फुगणे, ओठ निळसर पडणे, घाम फुटून अंग गार होणे या सगळ्या वाईट खुणा. ट्रॅक्टरखाली छाती दबलेल्या माणसाचा चेहरा आणि मान जांभळी, डोळे लालभडक दिसू शकतात, कारण दाबामुळे रक्त उलटे वर ढकलले जाते. कोरोनापासून बऱ्याच गावांत ऑक्सिमीटर आहे. लावायला हरकत नाही, पण 96 दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये. सुरुवातीला आकडा चांगला राहू शकतो आणि बोट गार पडले की तो खोटाही येतो.

लागोपाठच्या 3 किंवा अधिक बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या, तर तेवढा तुकडा सुटा होतो आणि उलटा हलतो: श्वास घेताना आत, सोडताना बाहेर. हे उघड्या डोळ्यांनी दिसते. अशा छातीला फेटा किंवा लुगडे घट्ट आवळण्याची जुनी सवय आहे, ती सोडावी. आवळल्याने दुखणे थोडे कमी वाटते, पण श्वास आणखी उथळ होतो.

तुराटीचा खुंट, सळई किंवा बांबू रुतून बसला असेल तर उपसू नये. रक्त थोपवायला बसलेले बूच तेच असू शकते. भोवती कापडाच्या गुंडाळ्या लावून ते हलणार नाही असे करावे. जखमेतून श्वासासोबत फसफस आवाज येत असेल, तर भोक प्लॅस्टिकने किंवा बोळा कोंबून हवाबंद करण्याचा मोह होतो. शिकलेला हात आणि हवा बाहेर सोडणारी खास पट्टी नसेल तर जखम उघडी ठेवणेच बरे, कारण पक्के झाकण लावले की आतली गळती कोंडते. रक्त वाहत असेल तर दाबावे, पण दम वाढला तर कापड उचलून हवा सुटू द्यावी. पाणी पाजू नये, चहा तर नाहीच. शुद्धीवर असेल आणि मान-पाठीला मार नसेल तर त्याला सोसेल तसे टेकून बसू द्यावे.

108 ला फोन करताना ‘ॲक्सिडेंट झाला’ एवढ्यावर थांबू नका. छातीला मार, श्वास मिनिटाला इतके, शुद्ध आहे की नाही, हे सांगा. महाराष्ट्रात 2014 पासून धावणाऱ्या या गाडीत डॉक्टर असतो. धारणी किंवा भामरागडसारख्या भागात मोठे हॉस्पिटल काही तासांवर असते, तेव्हा गाडी येईपर्यंतचा आणि वाटेतला वेळच निर्णायक ठरतो. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला 2019 च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने संरक्षण आहे. पोलिसांच्या भीतीने मागे सरू नये.

छातीत हवा आहे की रक्त, हे ओळखायला डॉक्टर बोटाने ठोकून पाहतात. 1761 मध्ये लेओपोल्ड आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन डॉक्टरने ही पद्धत मांडली. त्याचे वडील खानावळवाले होते आणि दारूचे पिंप किती भरले ते ठोकून ओळखता येते, हे त्याला ठाऊक होते. हवा असेल तर आवाज पोकळ, रक्त असेल तर बोदा. दाबाखाली कोंडलेल्या हवेची दाट शंका असेल तर एक्स-रेची वाट न पाहता सुई घालून ती बाहेर सोडतात, मग नळी टाकतात. चिरफाडीच्या भीतीने पेशंट घरी नेणाऱ्यांसाठी: छातीच्या मुक्या मारात शंभरातल्या दहांपेक्षाही कमी लोकांना मोठे ऑपरेशन लागते. बहुतेकांचे काम नळी, ऑक्सिजन आणि दुखणे थांबवण्याच्या औषधांवर भागते.

पहिल्या दिवशी बरा वाटणारा माणूस दुसऱ्या दिवशी दमू लागला तर परत न्यावे, कारण चेंगरलेले फुप्फुस 24 ते 48 तासांत जास्त बिघडते. लहान मुलांच्या बरगड्या लवचिक असतात, त्या न मोडताही आत इजा होते. म्हाताऱ्यांचे उलट: दोन बरगड्या मोडल्या तरी दुखण्यामुळे ते खोकत नाहीत, कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. त्यांना औषध वेळेवर द्यावे आणि उशी छातीशी धरून खोकायला लावावे.

ग्रामीण रुग्णालयातून नागपूरला किंवा सेवाग्रामला हलवताना नळीची बाटली बहुतेक वेळा नातेवाइकाच्याच हातात येते. ती कायम छातीच्या पातळीखाली आणि उभी धरावी. नळीचे बाटलीतले टोक पाण्यात बुडालेले असते, म्हणून हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते पण परत शिरत नाही. बाटली वर उचलली तर तेच पाणी छातीत जाऊ शकते. बुडबुडे येताहेत म्हणून घाबरून नळीला चिमटा लावू नका. आतली हवा निघण्याची वाट तीच आहे.