सात गुणांची चित्रकला: खान्देशातील रेखाकला परीक्षांची पार्श्वभूमी

सप्टेंबरच्या अखेरीस जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शालेय रेखाकला परीक्षांची केंद्रे भरतात. त्या वेळी उडीद-मूग निघालेले असतात, कापूस वेचणीला यायचा असतो, आणि शाळेच्या दृष्टीने सहामाही परीक्षा तोंडावर असते. अशा अडचणीच्या दिवसांतही तालुक्याच्या ठिकाणचे वर्ग रंगाच्या डब्या आणि कंपासपेट्या घेऊन आलेल्या मुलामुलींनी भरलेले असतात, आणि गेल्या काही वर्षांत ही गर्दी का वाढली, याचे उत्तर चित्रकलेत कमी आणि दहावीच्या गुणपत्रिकेत जास्त सापडते. माध्यमिक शाळेत चित्र काढणाऱ्या मुलाला खान्देशात आज नेमके काय मिळू शकते, हे समजून घ्यायचे तर 2017 साली घेतलेल्या एका निर्णयाशी थांबावे लागते. मात्र त्याआधीचा धागा थोडक्यात पाहिला पाहिजे.

शालेय चित्रकलेचा हा साचा एकोणिसाव्या शतकातला आहे. मुंबईत 1857 साली कलाशाळा सुरू झाली, 1879 पासून चित्रकलेच्या शालेय शिक्षणाकडे पद्धतशीर लक्ष दिले गेले आणि 1893 साली चित्रकला शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सोय झाली. त्या काळच्या राज्यकर्त्यांना चित्रकार नव्हे, तर अचूक नजरेचे आराखडेकार आणि कारागीर हवे होते, म्हणूनच भूमिती, अक्षरलेखन आणि समोरची वस्तू जशीच्या तशी उतरवणे यांना एवढे वजन मिळाले, आणि ते आजही पुरते उतरलेले नाही.

खान्देशाचा या इतिहासाशी पहिला संबंध परीक्षेतून नव्हे, अजिंठ्यातून आला. लेणी महसुली हिशेबात कधीच खान्देशात नव्हती, ती निजामाच्या मुलुखात होती. पण तिथे जाण्याची सोयीची वाट रेल्वेमुळे आपल्या बाजूने, पहूर आणि फर्दापूरवरून होती आणि बऱ्याच अंशी आजही आहे. 1872 ते 1885 या काळात मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी आपल्या प्राचार्यांच्या देखरेखीखाली तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. लंडनला पाठवलेल्या त्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच 1885 च्या आगीत जळाल्या. या देशातील कलाविद्यार्थ्यांचे एवढे मोठे सामूहिक काम जळगावपासून साठेक किलोमीटरवर झाले, आणि जळगावच्या शाळांतील मुले आजही तिथे सहलीलाच जातात, चित्रफलक घेऊन क्वचितच जातात.

स्वातंत्र्यानंतर 1965 साली राज्याने कलाशिक्षणासाठी स्वतंत्र संचालनालय उभे केले आणि रेखाकला परीक्षा त्याच्याकडे आल्या. पुढची काही दशके खान्देशात या परीक्षांचा उपयोग ठरलेला होता. ज्याला चित्रकला शिक्षक व्हायचे, त्याने इंटरमिजिएट करायची, मग ए.टी.डी. ही कलाशिक्षकाची पदविका करायची आणि एखाद्या संस्थेच्या शाळेत लागायचे. वडील शेतीत आणि थोरला भाऊ शिक्षक अशा अनेक घरांत हा रस्ता नोकरीचा म्हणून निवडला गेला, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही, कारण त्याच पिढीने तालुक्याच्या शाळांतील फलकलेखन, गणेशोत्सवाचे देखावे आणि लग्नाचे मांडव सांभाळले. चाळीसगावला रेल्वे स्टेशनजवळ एका घरात स्वतःला जवळजवळ कोंडून घेऊन टेबलावर मांडलेल्या वस्तूंच्या छायाचित्रांत आयुष्य घालवणारा केकी मूस यांच्यासारखा कलावंतही याच प्रदेशाने पाहिला, पण त्याची वाट शाळेच्या वाटेला मिळालीच नाही.

चित्र बदलले ते 7 जानेवारी 2017 च्या शासन निर्णयाने. खेळाडूंना दहावीला वाढीव गुण आधीपासून मिळत होते. तसेच गुण शास्त्रीय नृत्य-गायन-वादन, लोककला आणि चित्रकला यांनाही मिळावेत, असे ठरले. रेखाकला परीक्षेत अ श्रेणी असणाऱ्याला 15, ब श्रेणीला 10 आणि क श्रेणीला 5 गुण अशी मूळ रचना होती. त्याच वर्षीच्या दहावीत 193 विद्यार्थ्यांना शंभर टक्के मिळाले, आणि एकदम आरडाओरड झाली की चित्र काढून, नाचून आणि पळून कोणी शंभर टक्के मिळवतो काय. त्यानंतर नोव्हेंबर 2017 मध्ये चित्रकलेचे गुण 7, 5 आणि 3 असे खाली आणण्यात आले, आणि तेच आकडे आजवर टिकून आहेत.

या कपातीवर कलाशिक्षकांचा राग होता आणि तो समजण्यासारखा आहे. पाचशेपैकी पंधरा म्हणजे तीन टक्के. पाचशेपैकी सात म्हणजे दीड टक्क्याला थोडे कमी. दोन वर्षे, दोन परीक्षा आणि आठ पेपर देऊन अ श्रेणी मिळवणाऱ्या मुलीला दीड टक्का, आणि मैदानावर राज्य पातळी गाठणाऱ्या मुलाला त्याच्या दुपटीहून अधिक, ही तुलना शिक्षकांच्या खोलीत वारंवार होते. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही पोकळ नव्हते. रेखाकलेला दरवर्षी काही लाख विद्यार्थी बसतात, खेळात राज्य पातळी गाठणारे त्या मानाने मूठभर असतात. तेव्हा एकाच मापाने गुण वाटले तर अकरावीच्या प्रवेशयादीत सगळ्यांचाच आकडा फुगतो आणि कोणालाच फायदा होत नाही. गुण कमी करूनही शंभर टक्केवाल्यांची संख्या कायमची घटली नाही, हे पुढे दिसले: 2019 मध्ये ती 20 वर आली, पण त्याला भाषांचे अंतर्गत गुण काढल्याचेही कारण होते, आणि 2024 मध्ये ती पुन्हा 187 झाली.

या वादात एक गोष्ट मात्र जवळजवळ कोणीच मांडली नाही, आणि प्रस्तुत लेखकाला तीच कळीची वाटते. वाढीव गुण दहावीच्या टक्केवारीत मिळतात आणि ती टक्केवारी अकरावी विज्ञान, पदविका अभियांत्रिकी अशा प्रवेशांना उपयोगी पडते. ज्याला खरोखर चित्रकार, उपयोजित कलावंत किंवा शिल्पकार व्हायचे आहे, त्याचा पदवी प्रवेश बारावीनंतरच्या राज्य कला सीईटीवर ठरतो, आणि तिथे दहावीचे हे सात गुण पोहोचतच नाहीत. म्हणजे चित्रकलेचे बक्षीस चित्रकला सोडून जाणाऱ्याला मिळते. अमळनेर किंवा शहाद्यातील शाळेत इंटरमिजिएटला अ श्रेणी घेऊन विज्ञान शाखेकडे वळलेली मुले मोजली, तर परीक्षा कशासाठी दिली जाते हे वेगळे सांगावे लागणार नाही. गंमत अशी की या सीईटीतही वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र हीच कौशल्ये तपासली जातात. त्यामुळे शाळेतली तयारी वाया जात नाही, फक्त तिची नोंद वाया जाते.

कोविडच्या काळात हे आणखी उघड झाले. 2020 साली परीक्षा होऊ शकली नाही, आणि मार्च 2021 मध्ये त्या वर्षीच्या दहावीला वाढीव गुण न देण्याचा निर्णय झाला. नववीतच इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेल्या मुलांनाही तो लागू होता, याबद्दल पालकांमध्ये नाराजी होती. चित्रकलेच्या बाबतीत पालक सहसा एवढे पेटून उठत नाहीत. यावेळी उठले, कारण प्रश्न टक्क्यांचा होता.

परीक्षेच्या आतले वास्तव या आकड्यांपेक्षा अधिक बोलके आहे. इंटरमिजिएटच्या स्थिरचित्रासाठी स्टुलावर कापड टाकून मानवनिर्मित आणि नैसर्गिक वस्तूंची रचना केली जाते. खान्देशात ती करताना शिक्षक घरचा पितळी तांब्या आणतो, सोबत भरताचे हिरवे वांगे किंवा कच्च्या केळ्यांची फणी ठेवतो. वांग्याचा फिका हिरवा, देठाकडे पिवळसर होत जाणारा आणि मधेच पांढुरका पडणारा रंग पोस्टर कलरने धरणे सोपे नसते, आणि बाजूच्या तांब्यात त्याचे जे वाकडे प्रतिबिंब पडते ते टिपणारा मुलगा वर्गात एखादाच असतो. त्याच्या तयारीची परीक्षा स्मरणचित्राच्या पेपरला होते. आठवडे बाजार किंवा यात्रा असा विषय आला तर सातपुड्याच्या पायथ्याची मुले होळीआधी भरणारा आदिवासींचा भोंगऱ्याचा बाजार डोळ्यांपुढे आणू शकतात, पण बऱ्याच वर्गांत गाईडमधली ठरलेली बैलगाडी, ठरलेले झाड आणि डोक्यावर हारा घेतलेली ठरलेली बाई पाठ करून घेतली जाते, कारण श्रेणी हमखास येते.

परीक्षेबाहेरच्या संधी कमी नाहीत, पण त्यांची माहिती पोहोचत नाही. केंद्र सरकारचा कला उत्सव 2015 पासून भरतो. नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या उपक्रमात पुढे द्विमितीय आणि त्रिमितीय दृश्यकला तसेच स्थानिक खेळणी यांना जागा मिळाली. पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या किंवा बांबूच्या कामात वाढलेल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलांसाठी, ज्यांना ड्रॉइंग शीटपेक्षा माती आणि काडी जवळची वाटते, हा प्रकार रेखाकलेपेक्षा अधिक न्याय्य आहे. ऊर्जा बचतीवरील राष्ट्रीय चित्रस्पर्धा पाचवी ते दहावीच्या मुलांसाठी आहे आणि तिथे पहिली निवड शाळेतच होते.

सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्तीची अडचण वेगळी आहे. ती 10 ते 14 या वयात घ्यावी लागते, वर्षाला 3600 रुपये मिळतात आणि प्रगती समाधानकारक असेल तर ती पुढे चालू राहते. आपल्याकडे मुलाचा हात चांगला आहे हे बहुधा एलिमेंटरीच्या तयारीत, आठवीत लक्षात येते; अर्जाची चौकशी होईपर्यंत वय उलटलेले असते. ही शिष्यवृत्ती खान्देशात कमी दिसण्याचे कारण गुणवत्तेत शोधण्याआधी या कॅलेंडरमध्ये शोधायला हवे.

शिक्षकांचा प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी आहे. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी शंभरपेक्षा जास्त पट असलेल्या शाळेत कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकांची तरतूद केली. कायद्याने जे किमान म्हणून सांगितले, ते व्यवहारात कमाल ठरले. पूर्णवेळ कलाशिक्षक निवृत्त झाल्यावर त्याच्या जागी कोणी येईलच, याची खात्री आज लहान गावातील शाळा देऊ शकत नाही, आणि मग रेखाकलेची तयारी गणिताचे किंवा मराठीचे शिक्षक करून घेतात, किंवा तालुक्याच्या खासगी वर्गाला फी देणाऱ्या मुलांपुरती ती मर्यादित राहते.

2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने नववी-दहावीच्या विषयांत कलाशिक्षणाला स्वतंत्र विषयाचे स्थान दिले आहे. राज्यात ते प्रत्यक्षात आले, तर चित्रकला दहावीच्या मूल्यमापनात आत येईल आणि बाहेरून जोडलेल्या सात गुणांचे काय करायचे, हा प्रश्न नव्याने उभा राहील. तोवर ज्या मुलांना खरोखर कलाशाखेकडे जायचे आहे, त्यांनी इंटरमिजिएटचे प्रमाणपत्र गुणांसाठी शाळेत जमा करावेच, पण स्थिरचित्र आणि स्मरणचित्राची वही दहावीनंतर बंद करू नये, कारण सीईटीत तीच कामी येते.