होकार देणाऱ्याला कोण तपासतं?

रुग्णाने शस्त्रक्रियेला नकार दिला की डॉक्टरांच्या मनात लगेच पाल चुकचुकते: याला नीट कळतंय ना? तोच रुग्ण मान डोलावून सही करून मोकळा झाला, तर ही शंका सहसा कुणाला येत नाही. निर्णयक्षमता उणावलेली माणसं नजरेतून निसटतात ती नेमकी इथे. २००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, तातडीने दाखल झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के जण उपचारांबद्दल निर्णय घेण्याच्या स्थितीत नसावेत, असा अंदाज निघाला. अभ्यासकांनी घेतलेल्या मुलाखतीत अक्षम आढळलेल्यांपैकी जेमतेम पाव जण उपचार करणाऱ्यांच्या लक्षात आले होते.

ही क्षमता निदानावरून ठरत नाही. १९८८ मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅपलबॉम आणि मानसशास्त्रज्ञ ग्रिसो यांनी मांडलेल्या चार कसोट्या आजही वापरल्या जातात: माहिती समजणं, ती आपल्यालाच लागू आहे हे उमगणं, पर्याय तोलता येणं आणि आपली निवड सांगता येणं. इंग्लंडमधलं १९९३ चं एक प्रकरण पाहा. ब्रॉडमूर मनोरुग्णालयातल्या ‘सी’ नावाने नोंदलेल्या रुग्णाला स्किझोफ्रेनिया होता. आपण नामांकित डॉक्टर आहोत, असा त्याचा ठाम भ्रम. पायाला गँगरीन झालं आणि त्याने पाय कापू द्यायला नकार दिला. पाय न कापता जगण्याची शक्यता डॉक्टरांनी १५ टक्के धरली होती. न्यायालयाने नकार मान्य केला, कारण धोका त्याला समजला होता, पटला होता आणि त्याने तो तोलला होता. तोवर साध्या उपचारांनी जिवावरचं संकट टळलंही होतं. दुसऱ्याला वेडेपणा वाटेल असा निर्णय घेण्याचा हक्क शहाण्या माणसाला असतो, तसा त्यालाही होता.

शिवाय ही क्षमता दिवसभर एकसारखी राहत नाही. वयस्कर रुग्णाला मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, रक्तातलं सोडियम घसरलं किंवा झोपेची गोळी जास्त झाली, की डिलिरियम होऊ शकतो, म्हणजे मेंदूचा तात्पुरता गोंधळ. आरडाओरडा करणारा रुग्ण सगळ्यांना दिसतो. याच आजारात गप्प पडून राहणारा मात्र ‘त्रास देत नाही’ म्हणून सुटतो, आणि संमतीपत्रावर बिनबोभाट सही करणारा बहुधा तोच असतो. सकाळी नीट बोलणारे आजोबा रात्री मुलाला ओळखत नाहीत, हे राऊंडवर दहा मिनिटं येणाऱ्या डॉक्टरला कळणार कसं? ते पाळीवरच्या सिस्टरलाच दिसतं. म्हणूनच तिच्या नोंदीला माझ्या मते तज्ज्ञाच्या शेऱ्याइतकंच वजन हवं. निर्णय थांबण्यासारखा असेल तर गोंधळ ओसरेपर्यंत थांबावं. त्याआधी कानातलं यंत्र खणात तर राहिलं नाही ना, तेही बघावं. ऐकू न येणाऱ्याला ‘समजत नाही’ ठरवणं फार सोपं असतं.

‘समजलं ना?’ हा प्रश्न तर विचारूच नये. त्याला ‘हो’ हेच उत्तर येतं. ‘डॉक्टर काय म्हणाले असं घरी कुणी विचारलं, तर काय सांगाल?’ असं विचारलं की खरं चित्र उघडं पडतं.

काही वेळा धोका सोबत आलेल्या माणसाकडूनही असतो. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तोच देत असेल, तर रुग्णाशी थोडा वेळ एकट्याने बोलायलाच हवं. अंग पुसताना दंडावर बोटांचे वळ दिसले, घरून येतानाच पाठीवर खोल जखमा असल्या किंवा लिहून न दिलेल्या औषधाची गुंगी जाणवली, तर ते तारीख-वेळेसह लिहून वरिष्ठांना लगेच कळवायचं. जाब विचारत बसायचं नाही.

मालमत्तेच्या कागदावर सही हवी म्हणून ‘शुद्धीवर आहे’ एवढाच दाखला मागायला येणारेही भेटतात. शुद्धीवर असणं आणि घर कुणाच्या नावे करतोय हे कळणं यांत बरंच अंतर आहे. दाखला द्यायचाच असेल तर कोणत्या निर्णयासाठी, किती वाजता तपासलं, काय विचारलं आणि रुग्ण स्वतःच्या शब्दांत काय म्हणाला, हे सगळं त्यात यायला हवं.